‘आणि’ला दिलेला नकार

१९३४ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस पश्चिम जर्मनीतल्या वुपर्टाल शहरात, बार्मेन या कापडगिरण्यांच्या भागात, गेमार्के नावाच्या चर्चमध्ये सुमारे १४० प्रतिनिधी तीन दिवस बसले होते. लूथरपंथी, कॅल्व्हिनच्या परंपरेतले रिफॉर्म्ड आणि या दोघांच्या एकीकरणातून झालेल्या संयुक्त मंडळ्या, अशा तीन घरांतून ते आले होते. प्रभुभोजनाच्या अर्थावरून या घरांमध्ये चारशे वर्षांचा वाद होता. ३१ मे रोजी या सभेने सहा कलमांचा एक जाहीरनामा एकमताने स्वीकारला. हिटलर सत्तेवर येऊन तेव्हा सोळा महिने झाले होते. बाकीचे सारे राजकीय पक्ष संपवले गेले होते, कामगार संघटना मोडल्या होत्या, विद्यापीठांतून ज्यू प्राध्यापकांना काढले गेले होते. अशा वेळी निघालेल्या या कागदात हिटलरचे नाव नाही, नाझी पक्षाचे नाही, छळछावण्यांचा उल्लेख नाही. प्रत्येक कलमात आधी बायबलातले वचन, मग त्यावरून केलेले विधान आणि शेवटी मंडळी कोणते मत नाकारते ते, एवढेच आहे. पहिल्या कलमाचा आशय असा: पवित्र शास्त्र ज्याची साक्ष देते तो येशू ख्रिस्त हेच देवाचे एकमेव वचन, त्याच्या जोडीला दुसरी कुठलीही घटना, सत्ता, व्यक्ती किंवा सत्य देवाचे प्रकटीकरण म्हणून मंडळीने मानता कामा नये. या मसुद्याचा मुख्य लेखक होता बॉन विद्यापीठातला अठ्ठेचाळीस वर्षांचा स्विस प्राध्यापक कार्ल बार्थ.

बार्थविषयी साधारणपणे असे सांगितले जाते की तो धाडसी माणूस होता, हुकूमशाहीविरुद्धचा राजकीय निषेध त्याने धर्माच्या भाषेत गुंडाळून मांडला. हे स्तुतीपर मत आहे आणि माझ्या मते चुकीचे आहे. त्यात क्रम उलटा लावलेला आहे. देव माणसाला कळतो तो कुठून, हा वरकरणी अगदी पुस्तकी वाटणारा प्रश्न बार्थ वीस वर्षे घोळवत होता. त्याचे जे उत्तर त्याने काढले, त्यातूनच १९३४ चा नकार निघाला. राजकारण तिथे परिणाम म्हणून आले. हा फरक बारीक वाटेल, पण त्यावर बरेच अवलंबून आहे. कारण त्या काळच्या जर्मनीत धाडसी माणसे कमी नव्हती आणि विद्वान तर मोजता येणार नाहीत इतके होते. तरीही जगातल्या सर्वांत नावाजलेल्या प्रोटेस्टंट विद्यापीठांमधले कितीतरी प्राध्यापक १९३३ मध्ये विरोध तर सोडाच, मनापासून आनंद व्यक्त करत उभे होते. त्यांच्यात आणि बार्थमध्ये हिमतीचा फरक असेलही, पण मूळ फरक विचाराच्या पायाचा होता.

तो पाया कुठे घातला गेला ते पाहायला १९१४ पर्यंत मागे जावे लागते. बार्थचा जन्म १० मे १८८६ चा, बाझेलचा. वडील धर्मशास्त्राचे प्राध्यापक. शिक्षण बर्न, बर्लिन, ट्यूबिंगेन आणि मारबुर्गला. बर्लिनला तो आडोल्फ फोन हारनाक यांच्या पायाशी बसून इतिहास शिकला, मारबुर्गला विल्हेल्म हेरमान यांच्याकडे ख्रिस्ती नीतिशास्त्र. हे दोघे उदारमतवादी ईश्वरविज्ञानाचे शिखर होते. या विचारधारेचा सारांश काढायचा तर असा, की देव माणसाच्या अंतःकरणातल्या धार्मिक अनुभवात, सदसद्विवेकात आणि इतिहासाच्या प्रगतीत उमटत असतो. ख्रिस्ती धर्म आणि युरोपची श्रेष्ठ संस्कृती हे एकाच झाडाचे दोन बहर. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्लायरमाखरने पाया घातलेल्या या घडणीत मोठे सौंदर्य होते, आणि विज्ञानाच्या काळात श्रद्धेला ताठ मानेने उभे राहू देणारी ताकदही होती. तरुण बार्थ तिचा निष्ठावंत पाईक होता. ती विद्या घेऊनच तो १९११ साली आरगाउ प्रांतातल्या झाफेनविल या गावी पाळक म्हणून गेला. गावात कापडाचे कारखाने, मजुरी तुटपुंजी, आणि कारखानदार त्याच्याच मंडळीचे वजनदार सभासद. बार्थने मजुरांना संघटना बांधायला मदत केली, त्यांच्या सभेत भाषणे दिली, कारखानदारांशी जाहीर वाद ओढवून घेतला. गावात त्याला लाल पाळक म्हणू लागले.

मग महायुद्ध आले. ६ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मन कैसरने जनतेला उद्देशून जे आवाहन केले, त्याचा मसुदा हारनाक यांनी लिहिला होता. ऑक्टोबरच्या सुरुवातीला जर्मनीच्या ९३ नामवंत बुद्धिमंतांनी सैन्याच्या कृत्यांचे समर्थन करणारे पत्रक काढले. बेल्जियममध्ये नागरिक मारले गेले होते, लूव्हॅनचे ग्रंथालय जळून गेले होते, आणि पत्रकावर हारनाक व हेरमान या दोघांच्याही सह्या होत्या. ज्या गुरूंनी ‘देव सदसद्विवेकात बोलतो’ असे शिकवले, त्यांचा सदसद्विवेक तोफांच्या बाजूने बोलला. बार्थने पुढे म्हातारपणी लिहिले की त्या एका दिवसात गुरूंचे सारे ईश्वरविज्ञान त्याच्यापुरते कोसळले. मात्र त्याने तो दिवस ऑगस्टच्या आरंभीचा सांगितला आहे, आणि पत्रक ऑक्टोबरचे. इतिहासकारांनी ही विसंगती दाखवली आणि काहींनी त्यावरून ही सारी कथाच नंतर रचलेली असावी असा संशय घेतला. पण आठवणीतली तारीख चुकली म्हणून घटना खोटी ठरत नाही. ऑगस्टच्या अखेरीस बार्थने मारबुर्गच्या मार्टिन राडे यांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. राडे यांच्या नियतकालिकात त्याने स्वतः उमेदवारी केली होती. त्याच नियतकालिकाने युद्धाला धार्मिक मुलामा दिल्याबद्दल त्याने पत्रात दुःख आणि संताप व्यक्त केला आहे. म्हणजे तडा ऑक्टोबरच्या आधीच गेला होता. ९३ जणांच्या पत्रकाने तो सर्वांना दिसला. म्हातारपणच्या आठवणीने दोन महिन्यांचा प्रवास एका दिवसात गोळा केला, इतकेच.

गुरू चुकले तर शिष्य दोन गोष्टी करू शकतो. गुरूंनी चांगले तत्त्व वाईट रीतीने वापरले असे म्हणून तत्त्व वाचवू शकतो, किंवा तत्त्वालाच हात घालू शकतो. बार्थने दुसरी, अवघड वाट धरली. शेजारच्या लॉइटविल गावचा पाळक एडुआर्ड थुर्नायझेन हा त्याचा जिवलग मित्र. दोघांनी ठरवले की पुन्हा ओनामापासून सुरुवात करायची, आणि ओनामा म्हणजे बायबल. १९१६ पासून बार्थ संत पौलाचे रोमकरांस पत्र ओळ न् ओळ वाचत, टिपणे काढत गेला. त्या टिपणांचे पुस्तक १९१८ च्या अखेरीस बर्नमध्ये छापले गेले, प्रती हजार. दोनच वर्षांत तो ते संपूर्ण नव्याने लिहायला बसला आणि १९२२ साली दुसरी आवृत्ती निघाली. विसाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट विचाराची दिशा बदलणारा ग्रंथ म्हणतात तो हाच. त्यातला देव माणसाच्या उन्नतीचे शेवटचे टोक नाही. माणसाच्या धर्मासकट सगळ्या मानवी व्यवहारावर तो बाहेरून निवाडा आणि कृपा घेऊन येतो. माणसाने चढून गाठावा असा जिना तिथे नाहीच. कीर्केगोरकडून घेतलेली, देव आणि माणूस यांच्यातल्या अथांग अंतराची कल्पना पानोपानी घुमत राहते. पुस्तकाची भाषा अंगावर येणारी आहे, एकांगीही आहे. खुद्द बार्थने १९५६ मध्ये आराउ इथल्या व्याख्यानात हे मान्य केले, आणि त्या काळी देवाचे देवपण सांगण्याच्या भरात त्याचे माणसाजवळ असणे सांगायचे राहून गेले, असा हिशेब स्वतःच मांडला.

इथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो वजनदार आहे. बार्थ १९१५ मध्येच स्वित्झर्लंडच्या सोशल डेमॉक्रॅटिक पक्षात गेला होता, जर्मनीत आल्यावर १९३१ साली तिथल्या सोशल डेमॉक्रॅटिक पक्षाचा सभासद झाला. मग त्याचा हिटलरविरोध हा साध्या समाजवाद्याचा विरोध का मानू नये? फ्रीडरिश-विल्हेल्म मार्क्वार्ट यांनी तर १९७२ साली बार्थच्या ईश्वरविज्ञानाचे मूळच समाजवादात आहे असे प्रतिपादन केले आणि त्यावरून मोठा वाद माजला. या आक्षेपाला उत्तर बार्थच्या एका भाषणात सापडते. सप्टेंबर १९१९ मध्ये थुरिंगिया प्रांतातल्या टाम्बाख गावी धार्मिक समाजवाद्यांची परिषद भरली होती. युद्ध हरलेल्या, क्रांती पाहिलेल्या तरुणांना ऐकायचे होते की समाजवाद म्हणजेच देवाच्या राज्याची आजची पायरी. वक्ता त्यांच्याच पक्षाचा, मजुरांसाठी झगडलेला. आणि त्याने तिथे नेमके तेच म्हणायला नकार दिला. ‘ख्रिस्ती-सामाजिक’, ‘धार्मिक-सामाजिक’ अशा जोडशब्दांमधली जी आडवी रेघ असते, तीच धोक्याची आहे, देवाचे राज्य कुठल्याही चळवळीला असे जोडून घेता येत नाही, हा त्याच्या भाषणाचा गाभा होता. स्वतःच्या पक्षालाही त्याने देवाचा शिक्का दिला नाही. पुढे १९३३ च्या एप्रिलमध्ये ईश्वरविज्ञानी पाउल टिलिकला लिहिताना त्याने स्पष्ट केले की पक्षाचे सभासदत्व हा त्याच्या लेखी व्यवहारातला राजकीय निर्णय आहे, ती श्रद्धेची कबुली नव्हे. आणि तरीही, किंवा म्हणूनच, सरकारच्या धाकाने तो सभासदत्व सोडणार नाही. समाजवाद हेच मूळ असते तर टाम्बाखला त्याने टाळ्या घेतल्या असत्या.

ती आडवी रेघ किंवा तिच्या जागी येणारे ‘आणि’ हे अव्यय, यावर बार्थची नजर पुढे कायम राहिली. १९२१ ला तो ग्यॉटिंगेनला प्राध्यापक झाला, डॉक्टरेटची परीक्षा न देता. मग म्युन्स्टर, १९३० पासून बॉन. १९३२ मध्ये त्याच्या ‘चर्च डॉग्मॅटिक्स’ या महाग्रंथाचा पहिला भाग निघाला. मरेपर्यंत त्याचे तेरा खंड आणि नऊ हजारांहून अधिक पाने झाली, तरी तो अपुराच राहिला. या कामामागे शार्लोटे फोन किर्शबाउम या विदुषीचे दशकानुदशकांचे श्रम आहेत. १९२९ पासून ती बार्थच्या घरात राहून संशोधन, टिपणे, हस्तलिखिते सांभाळत होती. बार्थ, त्याची पत्नी नेली आणि शार्लोटे या तिघांनाही त्या सहवासाने खोल जखमा केल्या, आणि ग्रंथावर मात्र नाव एकाचेच राहिले. हा अन्याय सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरोबर नाही.

‘आणि’चा इतिहास बार्थने स्वतः १९४० मध्ये, बार्मेनच्या पहिल्या कलमावर लिहिताना, मांडला आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांनी अठराव्या शतकापासून ‘प्रकटीकरण आणि बुद्धी’ म्हणायला सुरुवात केली, मग ‘प्रकटीकरण आणि धार्मिक अनुभव’, मग ‘प्रकटीकरण आणि संस्कृती’. दर वेळी जोडलेला शब्द सभ्य होता, काळाला शोभणारा होता. मराठी माणसाला ओसरी दिल्यावर हातपाय पसरणाऱ्या पाहुण्याची म्हण सांगायला नको. दुसऱ्या पदाने हळूहळू घर बळकावले आणि पहिले पद त्याच्या अर्थाने वाचले जाऊ लागले. १९३३ मध्ये नवा पाहुणा दारात आला तेव्हा त्याला अडवायला तत्त्व उरलेले नव्हते. बुद्धीला, संस्कृतीला, युद्धाला जागा मिळाली होती. मग राष्ट्राला, रक्ताला आणि नेत्याला कोणत्या नियमाने नाही म्हणायचे?

नाही म्हटलेही गेले नाही. ‘जर्मन ख्रिस्ती’ नावाची चळवळ १९३२ पासूनच जोर धरत होती. देवाने सृष्टीबरोबर वंश आणि राष्ट्र निर्माण केले, म्हणून राष्ट्राचे पुनरुत्थान ही देवाचीच हाक, असे तिचे म्हणणे होते. २३ जुलै १९३३ च्या मंडळी-निवडणुकीच्या आदल्या रात्री हिटलर रेडिओवरून तिच्या बाजूने बोलला, आणि देशभर तिला दणदणीत बहुमत मिळाले. सप्टेंबरमध्ये प्रशियाच्या धर्मसभेने ज्यू वंशाच्या पाळकांना आणि मंडळीच्या सेवकांना वगळणारा नियम केला. सभेला कितीतरी प्रतिनिधी तपकिरी गणवेशात आले होते. त्याच महिन्यात हिटलरचा विश्वासू लुडविग म्युलर सर्व प्रोटेस्टंटांचा राष्ट्रीय बिशप झाला. १३ नोव्हेंबरला बर्लिनच्या श्पोर्टपालास्टमध्ये सुमारे वीस हजारांच्या सभेत राइनहोल्ड क्राउझे या वक्त्याने जुना करारच टाकून द्यावा अशी मागणी केली. हे सगळे भाडोत्री लोकांचे काम होते असे समजणे सोपे आहे, पण एरलांगेनचे पाउल आल्टहाउस, ग्यॉटिंगेनचे एमानुएल हिर्श यांच्यासारख्या पहिल्या प्रतीच्या विद्वानांनीही नव्या राजवटीचे स्वागत केले. त्यांच्या स्वागताला तर्क होता, आणि तोच खरा भयंकर भाग आहे.

हे सारे पुरते घडण्याआधीच, जून १९३३ च्या अखेरीस, बार्थने एक पुस्तिका लिहिली. तिच्या शीर्षकाचा अर्थ ‘आजचे ईश्वरविज्ञानी जीवन’ असा होतो. सगळे त्याला विचारत होते की आता तू काय म्हणतोस. त्याने उत्तर दिले की बॉनमध्ये विद्यार्थ्यांसोबत आपण ईश्वरविज्ञान, आणि फक्त ईश्वरविज्ञान, पूर्वीसारखेच करत राहणार, जणू काही झालेलेच नाही. हे वाचून अनेकांना वाटले की हा पळपुटेपणा आहे. आजही कित्येकांना तसे वाटते. पण नव्या राजवटीची पहिली मागणी काय होती ते लक्षात घ्यावे. काहीतरी प्रचंड, पवित्र, युगप्रवर्तक घडले आहे हे प्रत्येकाने मान्य करावे, बाकीचे नंतर पाहू, ही ती मागणी. आल्टहाउस, हिर्श यांनी नेमके तेच मान्य केले होते. बार्थने तेच नाकारले. १९३३ च्या जानेवारीत देवाच्या दृष्टीने काही नवे घडलेले नाही, हे वाक्य त्या वर्षी म्हणणे म्हणजे सिंहासनाचा एक पाय काढून घेणे होते. पुस्तिकेची एक प्रत त्याने १ जुलैला थेट हिटलरला पाठवली. बंदी येईपर्यंत एका वर्षात तिच्या ३७,००० प्रती छापल्या गेल्या. पळपुट्या पुस्तिकेवर सरकारे बंदी घालत नाहीत.

बार्मेनचा मसुदा १९३४ च्या मे महिन्याच्या मध्यावर फ्रांकफुर्टच्या एका हॉटेलात तयार झाला. बरोबर टोमास ब्राइट आणि हान्स आस्मुसेन हे दोन लूथरपंथी होते. बार्थ नंतर मोठ्या खुशीत सांगे की दुपारी लूथरपंथी झोपले आणि रिफॉर्म्ड मंडळी जागी राहिली, कडक कॉफी आणि ब्राझिलियन सिगारच्या जोरावर. अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले की मजकूर त्यानंतरही बऱ्याच हातांतून गेला आणि बार्मेनमध्येसुद्धा बदलला. तरी पहिल्या कलमाची धार बार्थचीच. मांडणी करताना आस्मुसेन यांनी सभेला उघड सांगितले की हा विरोध केवळ कालच्या चुकीला नाही, दोनशे वर्षांच्या सवयीला आहे. आणि ही धार नेमकी कुठे लागली त्याचा पुरावा अकरा दिवसांत मिळाला. ११ जून १९३४ रोजी आन्सबाख येथून एक पत्रक निघाले, सही करणाऱ्यांत आल्टहाउस आणि वेर्नर एलेर्ट. बार्मेनला उत्तर देताना त्यांनी म्हटले की देवाची इच्छा आपल्याला कुटुंब, राष्ट्र, वंश या नैसर्गिक व्यवस्थांमधूनही बांधते, आणि अशा संकटकाळी नेता दिल्याबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले. बार्मेनच्या कागदात वंशाविषयी चकार शब्द नव्हता. तरी उत्तर द्यायला बसलेल्यांना आधी ‘आणि’ परत मिळवावा लागला, त्याशिवाय त्यांना नेत्यापर्यंत पोचता येईना.

आता दुसरा आक्षेप. ‘आणि’ मानणारे सगळेच काही हिटलरकडे गेले नाहीत. पाउल टिलिक संस्कृती आणि धर्म यांचा सांधा आयुष्यभर शोधत राहिला, आणि एप्रिल १९३३ मध्ये निलंबित झालेल्या पहिल्या प्राध्यापकांत तो होता. कॅथलिकांचा निसर्गनियम मानणारे म्युन्स्टरचे बिशप फोन गालेन यांनी १९४१ मध्ये अपंगांच्या हत्यांविरुद्ध जाहीर प्रवचने केली. झुरिकचा एमिल ब्रुनर, ज्याला बार्थने १९३४ मध्ये ‘नाही!’ एवढ्याच शीर्षकाच्या पुस्तिकेने उत्तर दिले, तोही नाझी नव्हता. त्याने फक्त एवढे म्हटले होते की देवाचे वचन जिथे येऊन लागू शकेल असा काही दुवा माणसात शिल्लक असतो. मित्रावर इतका कठोर घाव घालणे बार्थला शोभले नाही, हे मी मान्य करतो. ‘आणि’ म्हणणारा प्रत्येक जण हुकूमशहाच्या दारात पोचतो असे बार्थच्या बाजूने म्हणता येणार नाही. पण टिलिकचेच उदाहरण पुढे नेऊन पाहावे. इतिहासात काही क्षण असे येतात की त्यांत शाश्वत तत्त्व घुसते आणि ते माणसाकडून कृती मागतात, असा ‘कैरोस’चा विचार टिलिकने समाजवादासाठी मांडला होता. त्याचा तरुणपणापासूनचा मित्र हिर्श याने तोच साचा उचलून १९३३ च्या क्रांतीला लावला. अमेरिकेत गेलेल्या टिलिकला १९३४ मध्ये हिर्शला जाहीर पत्र लिहावे लागले, की तू माझे विचार घेतलेस आणि विकृत केलेस. टिलिकचे म्हणणे खरे होते. पण ते पटवण्यासाठी त्याला हा क्षण खोटा आणि तो क्षण खरा असे सिद्ध करत बसावे लागले, आणि तशा वादात ज्याच्या हाती रेडिओ आणि पोलीस असतात त्याचाच क्षण खरा ठरतो. बार्थला हा वाद घालावाच लागला नाही. चांगल्या माणसाला वाचवायला चांगुलपणा पुरतो. संपूर्ण संस्थेला उभे राहायचे तर तत्त्व लागते, आणि ते बार्थने दिले.

मराठी वाचकाच्या मनात इथे आणखी एक प्रश्न येईल, यावा. नारायण वामन टिळक सांगत की तुकोबांच्या पुलावरून चालत ते ख्रिस्ताकडे आले. बार्थच्या हिशेबात हा पूल उभा राहतो का? हा प्रश्न काल्पनिक नाही. १९३८ च्या डिसेंबरमध्ये मद्रासजवळ तांबरम येथे जागतिक ख्रिस्ती परिषद भरली, तिच्यासाठी डच अभ्यासक हेंड्रिक क्रेमर यांनी बार्थच्या प्रभावाखाली ग्रंथ लिहिला, आणि चेंचय्या, चक्कराई या भारतीय ख्रिस्ती विचारवंतांनी त्याला कडाडून विरोध केला. त्याच वर्षी बार्थच्या महाग्रंथाचा जो भाग निघाला, त्यात धर्म म्हणजे अश्रद्धा असे खळबळजनक विधान आहे. ते विधान आधी ख्रिस्ती धर्माला उद्देशून आहे. धर्म म्हणजे माणसाने देवाला आपल्या हातात ठेवण्याचा खटाटोप, आणि त्यात ख्रिस्ती माणूस सर्वांत पुढे, असे तो म्हणतो. तिथेच केवळ कृपेवर विसंबणाऱ्या जपानी बौद्ध पंथाची तो आदराने दखल घेतो, आणि भारतातल्या भक्तिमार्गाचा तुलनेसाठी ओझरता उल्लेख करतो. ओझरता, हेच दुःख आहे. आपल्या हाती काही नाही, देवाने उचलून घ्यावे, ही तुकोबांची आर्तता त्याने वाचली असती तर पूल ही उपमा त्याला बहुधा रुचली नसती, पण त्या आर्ततेत त्याला आपलाच सूर ऐकू आला असता असे मला वाटते. टिळकांच्या मार्गाला बार्थच्या तत्त्वाने बाधा येत नाही. तुकोबा तिथे ख्रिस्ताची जागा घेत नाहीत, वाट दाखवतात. जिथे पूलच देव म्हणून पुजायला सांगितला जातो, तिथे बार्थचा नकार लागू होतो, आणि १९३३ च्या बर्लिनमध्ये तेच सांगितले जात होते.

बार्थने स्वतः किंमत मोजली. ऑगस्ट १९३४ पासून प्रत्येक सरकारी नोकराला हिटलरच्या नावाने निष्ठेची शपथ सक्तीची झाली. एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती म्हणून जबाबदारीने जितके शक्य आहे तितकेच, अशी जोड असेल तर घेतो, असे त्याने कळवले. २६ नोव्हेंबरला निलंबन, २० डिसेंबरला कोलोनच्या शिस्त न्यायालयाकडून बडतर्फी. पुढच्या जूनमध्ये बर्लिनच्या वरिष्ठ न्यायालयाने बडतर्फी रद्द करून दंडावर भागवले, तर मंत्र्याने लगेच त्याला सेवानिवृत्त केले. बाझेलने काही दिवसांतच प्राध्यापकपद देऊ केले. ऑक्टोबर १९३५ मध्ये तो पुन्हा बार्मेनला आला. बोलायला बंदी असल्यामुळे त्याचे व्याख्यान पाळक कार्ल इम्मर यांनी वाचले, आणि बार्थ श्रोत्यांत बसून ऐकत राहिला. त्यानंतर पोलिसांनी त्याला सरहद्दीपार पोचवले.

सर्वांत जड आक्षेप मी शेवटी ठेवला आहे. बार्मेनच्या सहा कलमांत ज्यूंविषयी एक अक्षर नाही. एप्रिल १९३३ मध्येच तरुण डीट्रिश बॉनहोफरने मंडळी आणि ज्यू प्रश्न यावर लिहिले होते, म्हणजे प्रश्न दिसत नव्हता असे नाही. बार्थलाही दिसत होता. १९३३ च्या डिसेंबरात बॉनच्या प्रवचनात त्याने येशू ज्यू होता हे ठासून सांगितले आणि काही श्रोते उठून गेले. त्याचे समर्थक म्हणतात की ज्यूंचे नाव घातले असते तर सभा फुटली असती. हे बहुधा खरे आहे, आणि त्यातूनच दोष किती खोल होता ते कळते: मंडळी स्वतःचे स्वातंत्र्य वाचवायला एक झाली, शेजाऱ्याचा जीव वाचवायला झाली नसती. बार्थच्या तत्त्वात मात्र पुढचे पाऊल होतेच. १९३८ च्या सप्टेंबरमध्ये प्रागच्या योसेफ ह्रोमाद्का या ईश्वरविज्ञान्याला त्याने लिहिले की हिटलरशी लढणारा चेक सैनिक आमच्यासाठी आणि मंडळीसाठीही लढेल. जर्मनीतल्या त्याच्याच सहकाऱ्यांनी त्यावरून हात झटकले. नोव्हेंबरात सिनॅगॉग जळल्यावर डिसेंबरमध्ये झुरिकच्या व्याख्यानात त्याने ज्यूद्वेष हे पवित्र आत्म्याविरुद्धचे पाप आहे असे सांगितले. १९४० मध्ये, चौपन्नाव्या वर्षी, त्याने स्विस सैन्याच्या सहायक दलात बंदूक घेतली. १९४४ च्या जुलैत ब्रुनर आणि इतर दोघांबरोबर सही करून ऑश्विट्झचा वृत्तांत जगापुढे नेण्यास त्याने मदत केली. दहा वर्षांपूर्वी ‘नाही!’ म्हटलेल्या मित्राची आणि त्याची सही त्या कागदावर एकत्र आहे. युद्धानंतर, १९५६ मध्ये हंगेरीत रशियन रणगाडे घुसले तेव्हा मात्र तो गप्प राहिला आणि अमेरिकी ईश्वरविज्ञानी राइनहोल्ड नीबुर यांनी त्याचा जाहीर जाब विचारला. साम्यवादाला कोणी देवाचे प्रकटीकरण म्हणत नाही, म्हणून तो धोका वेगळा, हे त्याचे कारण मला पुरेसे वाटत नाही. ज्यांच्यावर रणगाडे जातात त्यांना हा फरक कळण्याचे कारण नव्हते.

मे १९६७ मध्ये, मृत्यूच्या दीड वर्ष आधी, एक्याऐंशी वर्षांच्या बार्थने बॉनहोफरचे चरित्रकार एबरहार्ड बेटगे यांना पत्र लिहिले. बॉनहोफरने पहिल्यापासून ज्यू प्रश्न मध्यवर्ती मानला आणि आपण १९३४ मध्ये तसे केले नाही, हा आपला अपराध असल्याचे आपल्याला फार पूर्वीपासून जाणवते, असे त्याने त्यात कबूल केले. असा मजकूर तेव्हा सभेने स्वीकारला नसता, पण त्यामुळे आपण निदान प्रयत्न केला नाही याला माफी मिळत नाही, असेही लिहिले. स्वतःच्या सर्वांत गाजलेल्या कागदावर लेखकानेच असा शेरा मारल्याची उदाहरणे फार नाहीत. त्यापुढे पंधरा वर्षांनी, १९८२ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या बेलहार वस्तीत डच रिफॉर्म्ड मिशन चर्चच्या धर्मसभेने नवा जाहीरनामा लिहिला. ही वंशभेदाच्या कायद्याखाली भरडलेल्या लोकांची मंडळी होती. आधी विधान, मग नकार, ही मांडणी त्यांनी बार्मेनवरून घेतली. आणि वंश व रंगावरून माणसांना सक्तीने वेगळे करण्यास मान्यता देणारी प्रत्येक शिकवण आम्ही नाकारतो, हे बार्मेनमध्ये राहून गेलेले कलम त्यांनी त्यात स्पष्ट शब्दांत घातले.